शून्याचं टोक

गोळाफेकीत टेपला दोन टोकं असतात.
आकडा वाचतात रिंगणाशी, तिथे मिस्टर टॅपलिन, चष्मा पुसत.
मी दुसरीकडे, ओल्या मैदानात,
गोळा पडला तिथे गुडघा टेकून
खळग्याच्या अलीकडच्या काठाला शून्य रोवायचं.
स्कंथॉर्पमध्ये अडतीस वर्षं
मी शून्यच धरून होते.

मुलगी धावायची म्हणून मी क्लबात आले.
तिने वर्षभरात सोडलं, मी राहिले.
त्याच एप्रिलात ग्लेनिस ब्रॉकल्सबी आली,
तेरा वर्षांची, थोराड, शाळेच्या स्कर्टला सेफ्टी पिन,
बाप पोलादाच्या भट्टीवर.
गोळा तिने असा उचलला
जसा मी परातीतून कणकेचा उचलते,
दुसरंच काहीतरी बोलत बोलत.

सात मीटर चौऱ्याऐंशी.
कुंपणावर बसलेली पोरं म्हशीसारखी हंबरली.
तिने वळूनही पाहिलं नाही.
तसंही गोळा फेकणारी उभी राहते
ती जिथे पोचायचं तिकडे पाठ करूनच.

मान मळलेली हवी, तळहात स्वच्छ, टॅपलिन सांगायचे.
म्हणजे गोळा बोटांच्या मुळाशी, हनुवटीखाली घट्ट,
आणि फेक सुरू होते टाचेतून.
मला हे कळायला दोन हिवाळे गेले.
आपल्याकडे पोटात गोळा येतो
आणि तिथेच राहतो.
तिचा मानेपाशी होता, तिला तो फेकून देता यायचा.
हेवा वाटायचा, खरं सांगते.

मग बारा नव्वद. मग बापाची भट्टी बंद झाली
त्या साली चौदा मीटर.
त्याला सवडच सवड. थर्मास घेऊन बाकावर बसायचा,
टाळी एक नाही,
नुसता माझ्याकडे बघायचा, मी कुठे गुडघा टेकते ते.
ती पहाटे चारला बेकरीत मैद्याची पोती उचलायची
आणि संध्याकाळी हे चार किलो, चाळीस-चाळीस वेळा.
लग्नाच्या फोटोत नवरा एक पायरी वर उभा आहे.
पंधरा एकोणसाठ.
सोळा दोन.
देशाच्या संघात जागा हवी तर साडेसोळा.

त्या शनिवारचं मी घरीही बोलले नाही.
आमचंच मैदान, आडवा वारा, सहावी, शेवटची फेक.
गोळा येताना दिसला तशी मी मागे सरकले,
आणखी मागे,
सोळाची चुन्याची रेघ माझ्या बुटांपुढे राहिली
आणि तो रेघ ओलांडून
धप्पकन माझ्या पायाशी.
जमीन हलल्याचं तळव्यांना कळलं.
मी शून्य रोवलं. वर पाहिलं.

लाल निशाण.
पुढच्या फळीवर बुटाचं टोक, बोटभर.

फाउल कुणी मोजत नाही.
टेप गुंडाळायला लागले टॅपलिन, माझ्या हातातून सरसरत गेली ती.
बाप थर्मासचं झाकण लावत होता,
आटे बसेनात त्याला.
सगळे गेल्यावर मी परत गेले
आणि त्या खळग्यात केसातली एक पिन खोचून आले.
का, ते मला विचारू नका.

पुढे तिचं मनगट गेलं, त्यामागून बेकरी.
नवरा तर आधीच.
पन्नाशीच्या गटात दहा एकाहत्तर टाकून तिसरी आली,
त्या कपात आता तिची भांड्यांची घासणी असते.

यंदा माझे गुडघे टेकत नाहीत.
शून्याचं टोक ग्लेनिसने घेतलं, न विचारता.
काल पोरी सराव करत होत्या, ती म्हणाली,
"तो फाउल. किती होता गं?"
मोजलाच नाही, म्हटलं.
"पडला कुठे, ते तर सांगशील?"

मी चालत गेले. पिन कसली सापडते आता,
पण पाय थांबले तिथे थांबले.
ती येऊन उभी राहिली,
रिंगणाकडे तोंड करून,
बराच वेळ.
"इथून केवढंसं दिसतं," म्हणाली.

रिंगणातून एक पोरगी वैतागून ओरडली,
टेप लावताय ना?