माया

गोळीबार चौकातल्या माझ्या दुकानात
खिळ्याला टेप लटकतो, साठ इंचांचा.
गिऱ्हाइकांना तो पुरून उरायचा.
मला नाही पुरला.
मी सुतळी गुंडाळायची स्वतःभोवती
आणि ती जमिनीवर पसरून मोजायची,
शटर अर्धं ओढून.

रामदासपेठेत डॉक्टरांनी कागदावर पोट काढलं.
हे एवढं कापायचं, हे ठेवायचं.
पेन फिरवला तसाच, जसा मी खडू फिरवते अस्तरावर.
मी विचारलं, माया किती सोडता?
त्यांना कळेना.
म्हटलं, शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतो आम्ही,
उद्या अंग भरलं तर उसवायला.
ते हसले.
म्हणाले, आम्ही नाही सोडत, ताई,
पण पोट आपलं आपण सैल होतं. सांभाळा.

एकशे एकतीसवरून बहात्तर.
त्या वर्षी गल्लीत माझीच चर्चा.
निमजेकाकू म्हणाल्या, सुकली वं पोरगी, बिमार गिन आहे का?
केस फणीत यायचे, झुबकेच्या झुबके,
आणि मी दर महिन्याला माझेच ब्लाऊज आत घ्यायची.
दंडाखालची कातडी मात्र
कोणत्याच टक्समध्ये बसली नाही.

आता पाचवं वर्ष.
आता कोणी विचारत नाही.
वजन बहात्तरच आहे, यात सांगण्यासारखं काय?

सकाळी मुगाचं धिरडं, अर्धं.
गोळी, दुसरी गोळी, महिन्याला एक इंजेक्शन.
जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही.
आणि मे महिना, पारा शेहेचाळीस,
कूलर गरम वारा फेकतोय,
माठातलं पाणी वाळ्याच्या वासाचं,
तेही गटागट नाही. घोट. मग थांबा. मग घोट.
माझी सगळी तहान अशी हप्त्याहप्त्यानं फिटते.

उमरेडला भाच्याच्या लग्नात
वहिनी पातेलं घेऊन पाठीमागे उभी.
घे ना वं, एका वड्यानं का होते!
वडाभातावर तेल ओतलं की जो वास येतो
तो काही डॉक्टरांनी कापला नाही.
मी घेतला. चावत राहिले.
पंगत उठली, पत्रावळी उचलल्या,
मी तिथंच, तेवढ्याच वड्यासोबत.

एकदा संत्रा बर्फीचे दोन तुकडे, उभ्या उभ्या, चोरून.
दहा मिनिटांत दरदरून घाम, हात कापायला लागले,
कटोरीचं माप चुकलं.
हेडाऊ बाईंचं कापड भरून द्यावं लागलं.

मागच्या दिवाळीत चार किलो वाढले.
बाहीची शिवण काचायला लागली.
उसवलं असतं तर झालं असतं, माया होतीच, दीड इंच,
मीच ठेवलेली.
ब्लेड हातात धरून बराच वेळ बसले.
मग ब्लाऊज तसाच घातला, काचणारा,
होळीपर्यंत.
तीन गेले. एक अजून आहे.

परवा एक मुलगी आली, सतराची असेल,
फेअरवेलला साडी, ब्लाऊज शिवायचा.
आई बाहेर स्कूटरवरच थांबली.
मुलगी टेपाकडे बघत होती,
मला ते बघणं ओळखीचं.
मी ड्रॉवरमधून दुसरा टेप काढला, एकशे वीस इंचांचा,
इतवारीतून मागवून ठेवलाय.
आकडा मोठ्यानं बोलले नाही, वहीत लिहिला.
ती म्हणाली, काकू, थोडं सैल ठेवाल?
आणि मग, घाईघाईत: की घट्टच ठेवता?
मी बारीक होणारे.

मी म्हटलं नाही काहीच.
बसतं ते माप घेतलं.
दोन्ही अंगांना दोन-दोन इंच माया सोडली,
कुठंही जाऊ दे.

साडेआठ झाले. शटर ओढायचं आहे.
मशीनवर माझा जुना गाऊन झाकते,
धूळ बसू नये म्हणून. पूर्ण झाकली जाते मशीन,
पायडलसकट.
डबा खाऊन वीस मिनिटं झालीत.
पाण्याला अजून दहा.