चाळीस टक्के

नाव : सोयरू पुतू गावडे.
वय : बाबा म्हणतात पन्नास, आई म्हणते बावन्न.
वय चढलं की भरपाई उतरते,
फोंड्याच्या वकिलांनी सांगितलेलं.
मी आधार कार्डावरचं उतरवते, दोघांनाही न विचारता.

कामाचं स्वरूप : रकाना दोन बोटांचा.
त्यात पायांतला काथ्याचा फास,
खांद्यावर मोरचूद-चुन्याची नळी,
पोफळीला वाकवून पुढचीला हात घालणं,
आणि खाली न उतरता सतरा झाडं.
मी लिहिते : फवारणी.

किती उंचीवरून पडले?
'अनंताच्या देवळाचा कळस दिसत होता,' बाबा सांगतात,
'आणि कळसाच्या पलीकडची नदी, थोडीशी.'
मी लिहिते : अंदाजे पंचेचाळीस फूट.

मालकाचं नाव.
भाटकार वाईट माणूस नाही. हॉस्पिटलात शहाळी घेऊन आला,
खाटेशी बसला, म्हणाला, सोयरू माझा नोकर कधीच नव्हता,
घरचाच तो.
घरच्याला हजेरीपुस्तक नसतं.

हजेरी होती ती खोपीच्या भिंतीवर,
कोळशाच्या रेघा, पाच-पाचच्या जुड्या,
अठ्ठावीस वर्षांच्या.
मी फोटो काढायला गेले चवथीच्या आदल्या आठवड्यात.
भिंत पांढरीशुभ्र, अजून ओली.
दर चवथीला चुना लावतातच.
दर वर्षी बाबाच लावायचे.
मग जुन्या रेघा राहिल्याच कुठे असतील, हेही मला तिथेच सुचलं.
तरी काढला फोटो. जोडलाय, पान सात.

पान नऊवर डॉक्टरांचा दाखला :
उजवा खांदा, कायमचं अपंगत्व, चाळीस टक्के.

'बाय, चाळीस टक्के म्हणजे झाडं किती?'

कुळागरात पोफळी तीनशे दहा.
मी मोबाइलवर गुणाकार करते. एकशे चोवीस.

बाबा डोळे मिटतात.
डावा हात पांघरुणावर, झरीकडून खाली उतरत जातो.
वाऱ्यानं कललेल्या आधी सोडतात.
मग पाटाजवळच्या, शेवाळानं निसरड्या.
मिरवेल चढलेल्या सोडतात, काकुळतीनं.
जिच्यावरून पडले तिच्याशी थांबतात बराच वेळ,
तिला ठेवतात.
आज्यानं लावलेल्या रांगेला हातही लावत नाहीत.

अर्ज पोचवायची शेवटची बस पावणेदोनची.
मी शाईचा पॅड उघडून बसलेय, डाव्या अंगठ्यासाठी.

'एकशे एकवीस झाल्या,' बाबा डोळे न उघडता म्हणतात.
'याच्यापुढं एकही सोडवत नाही.
तीन कमी पडतात म्हणून सांग डॉक्टरला.'