घटीची नोंद

वर्षात ही तिसरी खेप जळगावची.
सावद्याहून सातची बस, उपाशीपोटी.
मंगळसूत्र, जोडवी, पिना, सगळं रुमालात बांधून
पालथी झोपवतात मला दोन भोकांच्या पाटावर.
एकातून माझं लोंबतं, एकातून पाठीचं.
"श्वास हळू घ्या, मावशी," शबनूर तडवी सांगते
आणि यंत्र सुरू होतं,
कुणी पत्र्यावर खिळे ठोकत बसल्यासारखं.

मग ती पडद्यावर मला कापते.
चार-चार मिलिमीटरचे काप,
वेफर्ससाठी मी केळं किसते तसे.
हरेक कापावर माउसनं कड आखते :
इथून स्नायू, इथून चरबी, ही बरगडी, ही नको.
कडेच्या आतली जागा गुणिले जाडी, मग बेरीज.
म्हटलं, म्हणजे काप परत रचले की केळं.
ती हसली. हो, म्हणाली, सालीशिवाय.

तीन महिन्यांनी तीनशे अठरा.
सहा महिन्यांनी दोनशे एकाहत्तर.
आज, वर्ष भरलं, दोनशे छत्तीस.
डॉक्टर म्हणतात, काम नसलेला स्नायू वाळणारच,
ते धरूनच थोडा जास्त घेतला होता.

एकोणीस वर्षं केळीच्या काट्यावर पावत्या फाडतेय मी.
भरला ट्रक, रिकामा ट्रक, मधला फरक तो माल.
दांड्याची कट वेगळी, वाळण्याची घट वेगळी.
शंभराला दोन गेले तरी मालवाला टेबलावर हात आपटतो.
माझे शंभराला पंचवीस गेले
आणि मी "बरं" म्हणून बाहेर आले, चहा प्याले.

एक सांगायचं राहिलं.
पहिला आकडा यायच्या आधी मी घरीच मोजलं होतं,
टाके काढल्यावर महिन्याभरानं, न्हाणीचं दार लावून.
परातीत पातेलं, पातेलं काठोकाठ.
वाकले. उजवं बुडवलं. सांडलेलं पाणी मापट्यात.
पुन्हा भरलं. डावं बुडवलं.
डावं दोन घोट जास्त.
बाहेरून सासू, "काय करू रायली वं इतका येळ?"
"मोजू रायली."
तिनं पुढं विचारलं नाही.
त्याच पाण्यानं सकाळची भांडी घासली.

पाठीचं मात्र कुणीच मोजत नाही.
डाव्या खांद्याच्या पात्याखाली खळगा आहे,
वाकून न्हाताना पाणी जरा थांबतं तिथं.
शबनूरला विचारलं, ह्याचा आकडा?
फॉर्मवर रकाना नाही, मावशी.

दहा किलोचं वजन उचलून काट्यावर ठेवते
तेव्हा छातीत डावीकडं काहीतरी दचकतं.
नस कापली नाही म्हणून, डॉक्टर म्हणाले.
बिचाऱ्याला वाटतं, अजून पाठीवरच आहोत.
हात वर गेला की उठतं, ओढायला लागतं.

काल असं झालं तेव्हा समोर फेगडेंचा मुनीम उभा.
पावतीवर माझा सात वाकडा आला.
खोडायचा का, त्यानं विचारलं.
म्हटलं, राहू द्या. वाचता येतो.