टेबल क्रमांक सात

एल आल्तो, बोलिव्हिया

चिठ्ठीत माझं नाव निघालं.
लेआंद्रो कालिसाया, धंदा चपला शिवण्याचा,
टेबल क्रमांक सात, तिसरीचा वर्ग.
सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश
आज लोक निवडणार
आणि लोकांचे कागद मी मोजणार.

गाड्यांना बंदी. हमरस्त्यावर पोरांनी
दगड मांडून गोल केलेत.
इतकी शांतता की चेंडूचा आवाज
वर्गापर्यंत येतो.

मतपत्रिका हातभर लांब. चेहरेच चेहरे,
भांग पाडलेले, कॉलर घातलेले,
एक वेण्यांची बाई, टोपी हातात धरून.
संसदेनं नावं गाळून दिलीत;
गाळणीत काय राहिलं ते कुणी दाखवलं नाही.
प्रचाराला मनाई. ना भाषण, ना भिंतीवर रंग.
न्यायाधीशानं मत मागू नये म्हणतात.
मला पटतं.
पण मग ओळखायचं कशावरून?
कानांवरून?

अकराच्या सुमारास दोन्या सातुर्निना आली.
ज्या रंगीत फडक्यात बाया पोर बांधतात
त्यात तिनं फाइल बांधलेली, पाठीवर, घट्ट.
दीड मीटर जमीन. शेजाऱ्यानं सरकवलेली भिंत.
चौदा वर्षांचं भिजत घोंगडं.
शहाण्यानं पायरी चढू नये,
हे तिला चढल्यावर कळलं.

"यातला माझं कोण वाचेल?"
मी म्हणालो, आई, मला सांगता येत नाही.
(नियम आहे. आणि खरंच येत नाही.)
पुठ्ठ्याच्या आडोशामागे ती इतका वेळ थांबली
की रांगेतला कुणीतरी खोकला.
मग घडी टाकली पेटीत,
अंगठ्याची शाई घागऱ्याला पुसली,
मतदानाचा दाखला मागून घेतला,
त्याशिवाय बँकेत उभं करत नाहीत.

संध्याकाळी पेटी उघडली.
एकेक कागद उजेडात धरायचा, मोठ्यानं सांगायचं.
कोरी.
कोरी.
वेण्यांच्या बाईला एक.
रद्द: सगळ्या चेहऱ्यांवरून आडवं 'चोर'.
कोरी.
रद्द: कुणीतरी मिशा काढल्यात, छान काढल्यात.
कोरी.

मग तो कागद आला.
एकाही चौकटीत खूण नाही.
समासात, मुंगीएवढ्या अक्षरात,
खटला क्रमांक, साल, आणि
'भिंत उत्तरेची. कृपया पाहावं.'

निरीक्षक पोरगी माझ्याकडे बघत होती.
मी सगळं वाचलं, क्रमांकासकट.
वाचायची गरज नव्हती.
चौदा वर्षांत बहुधा पहिल्यांदा
कुणीतरी ते भरल्या खोलीत वाचत होतं.

मग मी म्हणालो, रद्द.
लिहिलेलं चालत नाही, कायदा स्पष्ट आहे.

रुफिना बाईंनी खडू उचलला
आणि तिसरीच्या फळ्यावर,
सातच्या पाढ्याशेजारी,
आणखी एक रेघ मारली.