चार अँगस्ट्रॉमच्या आत

सेगेदमध्ये रात्रीचे साडेनऊ.
कोपऱ्यावरून ट्राम वळते, खिडकीची काच थोडी थरथरते,
आणि मी अजून यादीच वाचते आहे:
कोण कोणाच्या किती जवळ.

अवशेष म्हणतात त्यांना,
जणू काही जळून गेलं आणि हे उरलं.
खरं तर जोडताना दर सांध्यामागे
पाण्याचा एक रेणू निघून गेला, एवढंच.
दोनशे चाळीस जण एका दोऱ्यात,
आणि दोरा स्वतःवरच गुंडाळलेला,
खिशात ठेवलेल्या दोऱ्याचं होतं तसं, पण दर वेळी तसंच.

हिशोब सोपा आहे.
प्रत्येक जोडीतलं अंतर मोजायचं.
चार अँगस्ट्रॉमच्या आत असेल तर ठेवायचं, नाहीतर सोडायचं.
दोऱ्यात लागून असलेले शेजारी आधीच वगळायचे.
ते जवळ आहेत यात त्यांचं कर्तृत्व काय?

त्रेसष्टवा लायसीन, दोनशे अकरावा ग्लुटामेट.
दोऱ्यात इतके लांब, आणि इथे
अंतर दोन पूर्णांक आठ.
लोरांतचा पूल.
वीस वर्षं तो फळ्यावर लाल खडूने काढत आला:
एक धन, एक ऋण, मध्ये तीन तुटक रेघा.
विहिरीतल्या कढत पाण्यात हा जिवाणू जगतो
तो या पुलामुळे, असं तो सांगायचा
आणि खडूची बोटं कोटाला पुसायचा.
मीही पहिल्या बाकावरून तीच रेघ उतरवून घेतली होती.

आज मी प्रोग्रॅमला विचारलं:
फक्त एकच रेणू घे. शेजारचे पुसून टाक.

यादी आली.
त्रेसष्ट होता. दोनशे अकराही होता.
दोघांच्या मध्ये एकतीस अँगस्ट्रॉम.

मी पुन्हा चालवलं. मग चहा केला. मग पुन्हा.

तो ग्लुटामेट पलीकडच्या रेणूचा होता.
स्फटिकात ओळीने उभे केलेले सगळे,
खांद्याला खांदा,
आणि याचा हात त्याच्या हातात पडला होता, इतकंच.
इल्दिकोने तळघरात चार अंश थंडीत
अकरा महिने ते स्फटिक वाढवले.
दार हळू लावा म्हणायची, जिन्यात खोकू द्यायची नाही.
तिची चूक नाही.
तिने त्यांना इतकं नीट उभं केलं
की आम्हाला ते नातेवाईक वाटले.
पाण्यात सोडले असते तर कोण कुठला, कोण कुठला.

फोन लावला.
लोरांत उद्याच्या सूपसाठी कार्प मासा साफ करत होता.
नळ वाहत होता. मी सांगितलं.
नळ बंद झाला.

बराच वेळ काहीच नाही.
मग म्हणाला, "बोर्बाला,
मग धरून कोण ठेवतं त्याला?"

मी वाचायला लागले.
व्हॅलीन अठ्ठ्याऐंशी, ल्युसीन एकशे बत्तीस: तीन पूर्णांक नऊ.
आयसोल्युसीन चौदा, फेनिलॲलानीन एकशे नव्वद: तीन पूर्णांक सात.
व्हॅलीन अठ्ठ्याऐंशी पुन्हा, या वेळी एका ॲलानीनशी.
पाण्याला पाठ करून आत बसलेले सगळे,
ना धन ना ऋण,
कोणाची रेघ फळ्यावर काढावी असं एकातही काही नाही.
एकेकाची पकड इतकी हलकी
की एक काढला तर बहुधा कळणारही नाही.
एकशे सहा आहेत.

"एवढे फुटकळ?" तो म्हणाला.
"एवढे फुटकळ."

पलीकडे भांड्यात काहीतरी उतू जाऊन चुलीवर चर्रर झालं,
पॅप्रिका आणि कांदा असणार.
त्याने ते उतू जाऊ दिलं.

"परत वाच," म्हणाला,
"पहिल्यापासून. जरा हळू.
मी पेन्सिल घेतो."