नमुना क्रमांक सतरा

बिस्किटांच्या बरणीत वाळू घेऊन आला टंडेल
धुळ्याच्या आमच्या लॅबमध्ये,
मे महिन्यात, पंखा नुसता झळा ढकलत होता तेव्हा.
म्हणाला, मॅडम, अशीच पाहिजे.
हाच रंग, हाच दाणा.
साडेतीनशे ट्रक.

दमणच्या अलीकडे कुठेतरी त्याचं रिसॉर्ट.
त्याचं म्हणजे मालकाचं, हा मॅनेजर.
समोरचा किनारा आटत चाललाय
धुतलेल्या सदऱ्यासारखा.
आधी झोपाळा गेला, मग सुरूची चार झाडं.
पायऱ्या आहेत अजून,
पण शेवटचीवरून उडी मारावी लागते.
मग मालकाने दगडांची भिंत घातली.
लाटा भिंतीवर आपटल्या आणि परतताना
पायथ्याची उरलीसुरली वाळूही घेऊन गेल्या.
बुकिंगच्या फोटोत जुनाच किनारा आहे.
लोक येतात, फोन उघडतात,
एकदा फोटोकडे बघतात, एकदा माझ्याकडे.

मी बरणीतली वाळू भट्टीत वाळवली.
चाळण्या एकीवर एक रचल्या,
सहाशे, तीनशे, दीडशे, पंचाहत्तर,
आणि बटण दाबलं.
दहा मिनिटं ती थरथर. टंडेल उभाच.
तळाच्या ताटलीत उरलं थोडं पीठ
आणि शिंपल्याचा एक कपचा,
तांदळाच्या कणीएवढा.
तुमच्यापेक्षा बारीक दाणा घेऊ नका, मी म्हटलं,
एका पावसाळ्यात जाईल.
जाडा घ्या. जाडा जरा टिकतो.
किती टिकतो?
मी आलेखाकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सारंगखेड्याला गेलो, तापीवर.
बॅरेजचे दरवाजे खाली,
वर तुंबलेलं हिरवट पाणी, हलत नसलेलं,
खाली गोटे आणि डबकी.
हिलाल वाडिले काठावर जाळं सांधत बसला होता.
त्याची डांगराची वाडी त्या हिरव्या पाण्याखाली कुठेतरी आहे,
बोटाने दाखवतो तो,
जसं कुणी उठून गेलेल्या माणसाची जागा दाखवावी.

टंडेलने बरणी पुढे केली.
हिलालने चिमूट उचलली, तळहातावर पसरली,
फुंकर मारली,
आणि मग चक्क जिभेवर ठेवली.
थुंकून म्हणाला,
'भाऊ, हाई रेती तं आमनी से.
नुसती खारी व्हई गई.'
मी हसले. टंडेल नाही हसला.
'पहिले नदी फुकट ली जाये,
आते तुम्ही ट्रक लई येतस.'

माझ्या फॉर्मवर याला रकाना नाही.
दाण्याचा आकार आहे, रंग आहे, गाळाचं प्रमाण आहे,
'शेरा' म्हणून दीड ओळ आहे.
परवानगी मिळणार नाही हे मला माहीत होतं,
नदीतून उचलायला कलेक्टर कचेरी देत नाही,
आणि मिळाली असती तरी
आमचे काठही खचताहेत, वाडिल्यांच्या घरामागची लिंबं
मुळं उघडी टाकून उभी आहेत.
कुणाच्या किनाऱ्याला कुणाचा काठ लावायचा?

टंडेल बरणी धरून बराच वेळ दरवाज्यांकडे बघत होता.
माझे वडील मासेमारीला जायचे, तो म्हणाला,
पावसाळ्यानंतर समुद्राला मातीचा वास यायचा.
म्हणायचे, वरची पाहुणी आली.
मला वाटायचं असंच काहीतरी बोलतात.

मग विचारलं, हे उघडतात कधी?
जून-जुलैत, मी म्हटलं. पूर आला की.
त्याने फोन काढला आणि तारीख टिपून ठेवली,
स्टेशनावर कुणाला तरी आणायला जायचं असल्यासारखी.

पुढे उकाईचं धरण आहे,
हे सांगायला मी तोंड उघडलं होतं.
हिलालने त्याच वेळी बरणीतली मूठभर वाळू
दरवाज्याच्या खालच्या बाजूला, डबक्यात टाकली.
'तठे जाऊ दे,' म्हणाला.
ती तिथेच बसली, तळाला,
पाणी पुन्हा नितळ होईपर्यंत आम्ही तिघं बघत राहिलो.