पक्का आकडा

सडा अजून गार आहे.
कातळावर डबा, दुर्बीण, वही,
वहीवर दगड.
जैनू होडेकर गडग्याला टेकून
तळव्याच्या आडोशाला विडी पेटवतो
आणि धूर कुठे जातो ते बघून सांगतो:
मतलई सुटलाय. आज जातील.

सात दहा. काकण घार, एक.
ती धरायची नाही, ती इथलीच,
आंबोळगडच्या सुरूवर तिचा संसार आहे.
सात चाळीस. भोवत्या, मादी,
वाळल्या गवताला पोट घासत गेली.
शिक्रा.
पुन्हा शिक्रा. तोच की दुसरा?
"तोच की दुसरा" लिहायला
वहीत जागा नसते.

मग कितीतरी वेळ नुसते चतुर,
सोनेरी, एकामागून एक,
कड्यावरून थेट पाण्यावर निघालेले.
त्यांना कुणी मोजत नाही.

पाष्ट्यांची अनसूयाकाकू गवताचा भारा घेऊन थांबते.
काय गावतं रे तुम्हाला वर बघून?
पाखरं मोजतो, काकू.
मग माझ्या कोंबड्या पण मोजा की,
काल एक कमी भरली.
भारा सावरून ती पाखाडी उतरते,
आम्ही दोघंही हसतो, जैनू जरा कमी.

साडेदहाला कातळ तापला
आणि आधी वाटलं डोळ्यात कुसळं गेलीत.
अमूर ससाणे.
खाडीच्या अंगाने, इतके उंच
की मान मोडावी,
गरम हवेवर गोल गोल वर चढत,
आणि वर पोचला की एकेक जण
फिरणं सोडून
पश्चिमेला सरळ.
पुढे पाणी. पाण्यानंतर आफ्रिका.
एकानेही खाली बघितलं नाही.

माझ्या हातात टिकटिकणारं यंत्र,
अंगठा दुखेपर्यंत. दोनशे बारा.
जैनूचं पेरांवर, आंबे मोजावेत तसं,
डझन झालं की एक खडा.
सतरा खडे, वर पाच.
दोनशे नऊ.

तीन तू जास्त धरलेस.
तीन तुझ्या विडीच्या धुरात गेले.

तो खडे मांडून ठेवतो, उगाच, ओळीत.
म्हणतो, बा इथंच बसायचा.
ह्याच दगडावर. होड्या मोजायला.
सकाळी चौदा गेलेल्या,
तिन्हीसांजेला तेरा.
लोक म्हणाले, ऊठ आता, घरी चल.
तो म्हणाला, मोजणारा उठला
की आकडा पक्का होतो.
किती दिवस बसला?
जैनू विडी कातळावर विझवतो.
चौदावीत कोण होतं
ते मी विचारलं नाही.

ससाणे चैत्रात परततात म्हणे,
पण ह्या वाटेने नाही.
आमच्या वहीत "गेले" एवढाच रकाना आहे,
छापीलच तसा.
त्यात मी लिहिलं: २०९ ते २१२.
वरचे लोक विचारतील, असं कसं?
मधले तीन कुठे लिहू?

दुपारी वारा फिरला, खारा झाला,
आभाळ रिकामं,
खाली बंदरात कुणीतरी इंजिन चालू करून बघत होतं,
लागत नव्हतं.
मी वही मिटली, डबा बांधला,
दुर्बिणीच्या काचा पुसल्या.

जैनू उठला नाही.